शिक्षकाला मार्क कोण देणार?

या वेळी तीन पत्रं एकत्र घेतेय, कारण तिन्हीचा विषय फिरून फिरून एकाच ठिकाणी येतो, शिक्षकाचं मूल्यमापन कुणी आणि कसं करायचं. मी स्वतः पुण्यात आठ वर्षं आणि मग मेरीलँडमध्ये अकरा वर्षं शाळेत शिकवलंय, त्यामुळे यातलं बरंचसं जवळून बघितलंय. पहिलं उत्तर जरा लांबलंय, पण ते पत्र वाचून रात्री झोप लागली नाही मला, म्हणून लांबलं.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी न्यू जर्सीत एका मिडल स्कूलमध्ये सहावीला गणित शिकवते, हे तिसरं वर्ष. त्याआधी नागपूरला नऊ वर्षं शिकवलंय. यंदा आमच्या डिस्ट्रिक्टला, म्हणजे इथल्या सगळ्या सरकारी शाळांचा कारभार बघणाऱ्या संस्थेला, नवीन प्रमुख म्हणजे सुपरिंटेंडंट आले, पहिल्याच मीटिंगला म्हणाले की इथून पुढे सगळं डेटावर चालणार. वर्षाच्या शेवटी माझं रेटिंग आलं ‘पार्शली इफेक्टिव्ह’, म्हणजे चारातलं खालून दुसरं. दोन ऑब्झर्व्हेशन, म्हणजे वर्गनिरीक्षणं, छान झाली होती, तिसऱ्याला साहेब आले तेव्हा नेमका फायर ड्रिलनंतरचा तास होता, मुलं उधळलेली. आता सुधारणेचा प्लॅन लिहायला सांगितलाय. घरी अजून कुणाला सांगितलं नाहीये, नागपूरला आईला तर नाहीच. ही पद्धत आली कुठून आणि मी आता करू काय?

उत्तर : आधी एक सांगते, घरी सांग. आजच सांग. अशी गोष्ट एकटीने मनात ठेवली की दुसऱ्या दिवशी वर्गात उभं राहताना आवाजच निघत नाही, हे मी माझ्याच शेजारच्या वर्गातल्या मैत्रिणीचं बघितलंय.

आता पद्धत कुठून आली ते. २००२ च्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्याने चाचण्या सक्तीच्या झाल्या, पण तेव्हा जबाबदारी शाळेवर होती. ती एकेका शिक्षकावर आली ती मुख्यतः २००९ नंतर, ओबामा सरकारने ‘रेस टू द टॉप’ म्हणून ४.३५ अब्ज डॉलरची स्पर्धा लावली तेव्हा. अट अशी की पैसे हवे असतील तर शिक्षकाच्या मूल्यमापनात मुलांच्या मार्कांची प्रगती धरा. तेव्हा मंदी होती, राज्यांच्या तिजोऱ्या रिकाम्या, मग एकामागून एक राज्यांनी कायदे बदलले. तुमच्या न्यू जर्सीचा कायदा २०१२ चा, त्यात कायम व्हायला तीनाऐवजी चार वर्षं झाली आणि चौथी ते आठवीच्या भाषेच्या आणि चौथी ते सातवीच्या गणिताच्या शिक्षकांना राज्याच्या चाचणीतली वाढ लागू झाली, म्हणजे तुझ्या सहावीलाही. त्यात होतं काय, तर तुझ्या वर्गातल्या प्रत्येक मुलाची तुलना राज्यभरातल्या आधी तेवढेच मार्क असलेल्या मुलांशी करतात, त्यातून त्याचा एक आकडा निघतो, आणि वर्गातल्या सगळ्या मुलांचे ते आकडे ओळीने लावून मधला घेतात, तो तुझा. ऐकायला सरळ वाटतं. या आकड्याचं वजन एके काळी ३० टक्के होतं, २०१८ मध्ये ते ५ टक्क्यांवर आणलं. म्हणजे ज्या गोष्टीने माणसाची नोकरी ठरत होती तिचं वजन एका निर्णयात सहावा हिस्सा झालं! त्यामुळे तुझ्या रेटिंगमध्ये नेमकं काय कमी पडलंय ते आकड्याने विचारून घे, ‘डेटा’ म्हटलं की गप्प बसू नकोस. बहुतेक ते ऑब्झर्व्हेशनमध्येच असेल, आणि तिथे काही करता येतं.

पण तुझ्या सुपरिंटेंडंटचं बोलणं मला का खटकलं ते सांगायला दोन डिस्ट्रिक्टची गोष्ट सांगायला हवी. दोन्ही वॉशिंग्टन मेट्रोच्या एकाच रेड लाइनवर आहेत, एक शहराच्या हद्दीच्या आत, दुसरा बाहेर.

आतला म्हणजे वॉशिंग्टन डीसी. २००७ मध्ये तिथे शाळांचा कारभार बोर्डाकडून महापौर एड्रियन फेंटी यांच्याकडे गेला आणि त्यांनी मिशेल री यांना चॅन्सेलर, म्हणजे शाळांच्या प्रमुख, नेमलं. शाळांची अवस्था खरंच वाईट होती, ते कुणी नाकारत नाही, आणि री यांना मुलांची कळकळ नव्हती असं मी कधी म्हणणार नाही. २००९ ला त्यांनी ‘इम्पॅक्ट’ नावाची मूल्यमापन पद्धत आणली. चौथी ते आठवीच्या भाषा-गणिताच्या शिक्षकांचे ५० टक्के गुण मुलांच्या चाचणीतल्या वाढीवर, उरलेले मुख्यतः वर्गनिरीक्षणावर आणि थोडे इतर गोष्टींवर. वर्षात पाच निरीक्षणं, तीन शाळेतल्या साहेबांची आणि दोन बाहेरून येणाऱ्या मास्टर एज्युकेटरची, प्रत्येक अर्ध्या तासाचं. तळाचं रेटिंग आलं की नोकरी गेली, त्याच्या वरचं सलग दोनदा आलं तरी गेली, आणि सगळ्यात वरच्याला वर्षाला २५ हजार डॉलरपर्यंत बोनस. जुलै २०१० ला २४१ शिक्षक काढले (त्यात काही शिकवायचं लायसन्स नसल्यामुळे होते) आणि ७३७ जणांना एक वर्षाची नोटीस मिळाली. सप्टेंबरमध्ये फेंटी पक्षाची प्रायमरी, म्हणजे उमेदवार ठरवणारी निवडणूक, हरले, ऑक्टोबरमध्ये री यांनी राजीनामा दिला. पद्धत मात्र राहिली.

त्या पद्धतीत एक पाचवीची शिक्षिका होती, तिची गोष्ट तिथल्या वर्तमानपत्रात २०१२ ला आली होती, ती मला अजून विसरता येत नाही. निरीक्षणात तिचं कौतुक, पालक खूश, तरी २०११ ला काढली, कारण तिच्या मुलांची चाचणीतली वाढ कमी पडली. तर तिच्या वर्गात आलेली बरीच मुलं अशा शाळेतून आली होती जिथे आदल्या वर्षीच्या उत्तरपत्रिकांवर चुकीचं खोडून बरोबर केल्याच्या खुणा नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त सापडल्या होत्या. म्हणजे कागदावर मूल सराईत वाचणारं, आणि वर्गात बसलं की ओळीवर बोट ठेवून अडखळतंय. आदल्या वर्षी मार्क फुगलेले असतील तर पुढच्या बाईंनी जीव ओतून शिकवलं तरी हिशोबात घसरणच दिसणार. तिने अपील केलं, ते फेटाळलं. थोड्याच दिवसात तिला नदीपलीकडे व्हर्जिनियात नोकरी मिळाली. नुकसान कुणाचं झालं?

आणि २०१३ च्या डिसेंबरमध्ये त्याच डिस्ट्रिक्टने कबूल केलं की हिशोबातल्या चुकीमुळे ४४ शिक्षकांचे गुण चुकले होते, त्यातल्या एकाची नोकरीही गेली होती. एवढी मोठी यंत्रणा, तिच्यात चूक होणारच, पण चूक सापडेपर्यंत त्या माणसाने घरी काय सांगायचं?

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. थॉमस डी आणि जेम्स वायकॉफ या दोन संशोधकांनी इम्पॅक्टचा अभ्यास केला, त्यात दिसलं की काठावरचं रेटिंग मिळालेल्यांपैकी बरेच जण स्वतःहून सोडून गेले आणि जे राहिले त्यांची कामगिरी सुधारली. म्हणजे धाक चालतो, काही अंशी चालतो. पण पुढे २०१८ ला रँड या संशोधन संस्थेचा अहवाल आला, गेट्स फाउंडेशनच्या मदतीने काही डिस्ट्रिक्टनी मूल्यमापन, बोनस, भरती या सगळ्यावर मिळून ५७.५ कोटी डॉलर घातले होते, आणि मुलांच्या शिकण्यात म्हणावा तसा फरकच दिसला नाही. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने तर २०१४ लाच सांगितलं होतं की चाचणीच्या गुणांमधला १ ते १४ टक्के फरकच शिक्षकामुळे पडतो असं बहुतेक अभ्यासांत दिसतं. आकडेशास्त्राचीच माणसं म्हणतायत की बाबांनो जपून, आणि आपण त्यावर पगार ठरवायचे!

आता मेट्रोत बसून बाहेर ये. मॉन्टगोमरी काउंटी, मेरीलँड. १९९९ पासून २०११ पर्यंत तिथे जेरी वीस्ट सुपरिंटेंडंट होते. त्यांनी शिक्षक संघटनेला बरोबर घेऊन दुसरीच वाट धरली, सहकारी शिक्षकांनी मदत करायची आणि सहकाऱ्यांनीच पारखायचं. कल्पना मूळची ओहायोतल्या टोलेडोची, १९८१ ची. नवीन शिक्षक असेल किंवा जुना पण कमी पडतोय असं मुख्याध्यापकांना वाटत असेल, तर त्याला एक कन्सल्टिंग टीचर मिळतो. हा माणूस वर्गातलाच, तीन वर्षांसाठी बाहेर काढलेला, नंतर परत वर्गात जाणारा. तो वर्षभर येत राहतो, बघतो, शिकवून दाखवतो, पाठाचं नियोजन बसून करून देतो. वर्षाच्या शेवटी ८ शिक्षक आणि ८ मुख्याध्यापक अशा १६ जणांच्या पॅनेलसमोर सगळं येतं आणि ते ठरवतात, ठेवायचा, अजून एक वर्ष मदत द्यायची की निरोप.

लोकांना वाटतं शिक्षकच शिक्षकाला पारखणार म्हणजे सांभाळून घेणार. तसं झालं नाही. पहिल्या दहा-अकरा वर्षांत त्या पॅनेलने २०० शिक्षकांना काढायचा निर्णय घेतला, आणखी ३०० जण त्या प्रक्रियेत पडण्यापेक्षा सोडून गेले. त्याआधीच्या दहा वर्षांत काढलेले किती, तर ५! आणि रेस टू द टॉपचे १ कोटी २० लाख डॉलर दारात आले तेव्हा या डिस्ट्रिक्टने नको म्हटलं, कारण अट होती मार्कांची. एवढे पैसे नाकारायचे म्हणजे वरच्या माणसाच्या अंगात धमक लागते, कारण उद्या कुणीही उठून विचारू शकतो की मुलांचे पैसे का सोडलेत.

मला स्वतःला पहिल्या वर्षी अशीच एक बाई मिळाली होती, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. पहिल्या दिवशी मागे बसून तिने एका कागदावर वर्गाच्या बाकांचा नकाशा काढला आणि मी कुणाला प्रश्न विचारला, कोण बोललं, त्या त्या चौकोनात बारीक रेघा मारत गेली. तास संपल्यावर एक शब्द न बोलता कागद माझ्यासमोर ठेवला. पुढच्या दोन रांगा रेघांनी काळ्या झालेल्या, खिडकीकडची अख्खी ओळ कोरी. त्या ओळीत सात मुलं होती, आणि मला वाटत होतं की मी सगळ्या वर्गाला शिकवतेय. त्या कागदाने मला जे शिकवलं ते बीएडच्या वर्षात कुणी शिकवलं नव्हतं. तो कागद मी अजून ठेवलाय. तिला मला रेटिंग द्यायचंच होतं शेवटी, पण त्याआधी ती माझ्या वर्गात कितीतरी वेळा येऊन बसली होती, त्यामुळे तिने काहीही लिहिलं असतं तरी मला ते मान्य झालं असतं.

तुझ्या बाबतीत शितावरून भाताची परीक्षा झालीय, आणि ते शीतही फायर ड्रिलनंतरचं. म्हणून आता असं कर. प्लॅन लिहिताना फक्त ‘मी हे सुधारेन, मी ते करेन’ असं लिहू नकोस, त्यात शाळा काय करणार तेही लिहून घे, म्हणजे कोण येणार, कितीदा येणार, कुठल्या शिक्षकाच्या वर्गात तुला बसायला मिळणार, त्या वेळी तुझा तास कोण घेणार. तोंडी आश्वासनावर जाऊ नकोस. त्या तिसऱ्या तासाबद्दल तुझं लेखी म्हणणं मूल्यमापनाला जोडता येतं, ते जोड, चार ओळीत, तारखेसह, तक्रारीचा सूर न लावता. युनियनच्या प्रतिनिधीला पोस्ट-कॉन्फरन्सच्या, म्हणजे निरीक्षणानंतर साहेबांशी होणाऱ्या चर्चेच्या, आधी भेट, नंतर नाही. तू अजून कायम नाहीस, त्यामुळे तुझं पुढचं वर्ष नाजूक आहे, हे लपवून तुला बरं वाटावं असं मी लिहिणार नाही. आणि तो बाकांचा नकाशा, एखाद्या मैत्रिणीला मागे बसवून काढून घे. नऊ वर्षं नागपुरात पन्नास-साठ मुलांचा वर्ग सांभाळला असशील, तर आपल्याला समोर बघून बोलायची सवय असते, ती इथल्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे मूल्यमापनाच्या निकषांत, कमी पडते, कारण इथे मूल किती बोललं ते मोजतात. शिकवणं वाईट असतं असं नाही, सवय वेगळी असते.

प्रश्न : मी ह्यूस्टनला राहतो, मुलं पब्लिक म्हणजे सरकारी शाळेत आहेत. २०२३ मध्ये राज्याने आमचं डिस्ट्रिक्ट ताब्यात घेतलं, निवडून दिलेलं बोर्ड बाजूला झालं, नवीन सुपरिंटेंडंट आले. शिक्षकांच्या मूल्यमापनावर घरोघरी वाद चाललेत, मित्रांमध्ये दोन तट पडलेत. पालक म्हणून आम्ही नक्की काय बघायचं?

उत्तर : सुपरिंटेंडंट माइक माइल्स आणि त्यांच्या धोरणावर तुमचं मत काय असावं ते मी सांगणार नाही, मुलं तुमची आहेत आणि रोजचा अनुभव तुमचा आहे. पण तुमच्याच शहरातली एक गोष्ट तुमच्या मित्रांना जरूर सांगा. ह्यूस्टनच्या शिक्षकांनी तिथल्या मार्क-वाढीच्या गणिताविरुद्ध कोर्टात दावा केला होता. ते गणित एका खाजगी कंपनीचं, सूत्र गुप्त. २०१७ मध्ये संघीय न्यायाधीशांनी म्हटलं की शिक्षकाला आपला गुण बरोबर आहे की चूक हे तपासताच येत नसेल तर त्यावरून नोकरी घेणं घटनेच्या कसोटीवर टिकणं कठीण आहे, आणि त्याच वर्षी डिस्ट्रिक्टने तडजोड केली. माझ्या मते पालकांनी पहिला प्रश्न हाच विचारावा, की शिक्षकाला स्वतःचा गुण पडताळून बघता येतो का? दुसरा, गेल्या वर्षीचे किती शिक्षक या वर्षी त्याच शाळेत आहेत? हा आकडा मागा, शाळेवारी मागा. मुलाचा गणिताचा मास्तर वर्षात दोनदा बदलला तर वरचा आलेख कितीही चढता असू दे, तुमच्या घरातल्या मुलाचं काय झालं ते तुम्हालाच माहीत. बोर्ड नेमलेलं असलं तरी बैठका जाहीर होतात, नाव नोंदवून बोलता येतं. जा, आणि आकडा विचारा, भाषण नको.

वरच्या माणसाला फक्त आकडेच दिसायला लागले की काय होतं ते अटलांटाने दाखवलं. तिथल्या सुपरिंटेंडंट बेव्हर्ली हॉल २००९ मध्ये देशातल्या सर्वोत्तम सुपरिंटेंडंट ठरल्या होत्या, आणि २०११ च्या सरकारी चौकशीत ४४ शाळांमधले १७८ शिक्षक आणि मुख्याध्यापक उत्तरपत्रिका बदलण्यात गुंतल्याचं निघालं. २०१५ ला अकरा जण कोर्टात दोषी ठरले. ही सगळी माणसं वाईट होती असं मला पटत नाही. मार्क वाढले नाहीत तर मुख्याध्यापकाची खुर्ची जाणार, ती भीती वर्गापर्यंत उतरली. वाचताही न येणारी मुलं पास म्हणून पुढे गेली, आणि त्यांना जी जास्तीची मदत मिळायची ती कागदावर गरज नाही म्हणून मिळाली नाही. मला सगळ्यात जास्त त्या मुलांचं वाईट वाटतं.

याच्या उलटंही एक उदाहरण आहे. न्यूयॉर्क राज्यात ग्रेट नेकच्या चौथीच्या शिक्षिका शेरी लेडरमन यांना मुलांच्या वाढीसाठी एका वर्षी २० पैकी १४ आणि पुढच्या वर्षी १ गुण मिळाला, मुलांचे निकाल जवळपास तसेच चांगले असताना. त्या कोर्टात गेल्या. त्यांच्या सुपरिंटेंडंटनी, थॉमस डोलन यांनी, राज्याच्या पद्धतीविरुद्ध त्यांच्या बाजूने प्रतिज्ञापत्र दिलं. २०१६ ला न्यायाधीशांनी तो १ गुण मनमानी ठरवून रद्द केला. आपल्या शिक्षिकेसाठी वरच्या सरकारसमोर उभा राहणारा डिस्ट्रिक्टचा प्रमुख, हे मला फार मोठं वाटतं.

प्रश्न : मॅडम नमस्कार, मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे, द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी. आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, चर्चा निघाली की अमेरिकेत निकालावर पगार ठरतो म्हणून तिथे शिक्षण चांगलं, आपल्याकडेही तसंच पाहिजे. साहेबही तेच म्हणतात. हे खरं आहे का?

उत्तर : नाही गुरुजी, तसं नाही. वरचं वाचलंत तर कळेलच, आणि अमेरिकेत २०१५ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या कायद्याने शिक्षकांचं मूल्यमापन मार्कांना बांधण्याची केंद्र सरकारची सक्ती तिथेच संपली.

आणि आपल्याकडे हा प्रयोग झालाच नाही असं नाही. आठवत असेल, ऑक्टोबर २०१७ चा शासन निर्णय. बारा वर्षांची वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांची निवडश्रेणी शाळा सिद्धी या शाळांच्या मूल्यमापनातल्या अ श्रेणीला जोडली होती, नववी-दहावीला ८० टक्के निकालाची अट घातली होती. म्हणजे इमारत, संडास, पाणी, संरक्षक भिंत हेही धरून शाळेची जी श्रेणी ठरते तिच्यावर गुरुजींची वेतनवाढ! भिंत बांधायला पैसे ग्रामपंचायतीकडे नाहीत आणि श्रेणी अडली शिक्षकाची. ती अट पुढे काढावी लागली.

तुमच्याकडची मुलं ऊसतोडीला आई-बापाबरोबर गेली की मार्चपर्यंत येत नाहीत, ती परत आल्यावर दुसरीतलं मूल पहिलीच्या अक्षरांवर आलेलं असतं, त्याचा हिशोब कुठल्या चाचणीत धरणार? म्हणून मूल्यमापन नको असं मी म्हणत नाहीये. न शिकवणारा शिक्षक शाळेवर असतो तेव्हा त्या गावातली चार-पाच वर्षांची पोरं वाया जातात, आणि शेजारच्या चांगल्या गुरुजींना ते सगळ्यात जास्त बोचतं. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात शिक्षकांसाठी व्यावसायिक मानकांचा उल्लेख आहे, म्हणजे हा विषय आपल्याकडे येणारच. तो येईल तेव्हा आपल्याकडे टोलेडो-मॉन्टगोमरीसारखं करायला माणूस आधीच आहे, केंद्रप्रमुख. पद निर्माण झालं ते वर्गात जाऊन मार्गदर्शन करायलाच. पण बऱ्याच ठिकाणी पद रिकामं, एकाकडे दोन-तीन केंद्रांचा चार्ज, आणि जो आहे तो दिवसभर व्हॉट्सअॅपवर माहिती गोळा करून तालुक्याला पाठवतोय. गटशिक्षणाधिकारी आणि शिक्षणाधिकारी यांना काही सांगायचंच असेल तर हे सांगा, की केंद्रप्रमुखांना महिन्यातून इतके दिवस फक्त वर्गासाठी मोकळे करा, त्या दिवशी एकही लिंक भरायला लावू नका.

तोपर्यंत वाट बघत बसू नका. महिन्याची शिक्षण परिषद असतेच तुमची, अर्धा वेळ परिपत्रकं वाचण्यात जातो. पुढच्या वेळी शेजारच्या शाळेतल्या एका मॅडमना तुमच्या वर्गात मागे बसवा, वर सांगितलेल्या बाकांच्या नकाशासारखा नकाशा काढायला हातात कोरा कागद द्या, आणि परिषदेत तो कागद सगळ्यांसमोर तुम्ही स्वतः उघडून दाखवा. द्विशिक्षकी शाळेत मुलं बाकांवर नसतात, सतरंजीवर गोल बसतात, तर गोल काढा आणि त्यात रेघा मारा. पहिलीची पोरं कुठे बसलीयत आणि त्यांच्याकडे किती वेळा वळलात, तेवढंच आधी बघा.